न झालेला कायदा आणि पेटीतला पाला

शालिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मटार सोलत बसले होते. मोसमातले शेवटचे, निबर झालेले मटार. आमच्या जबलपूरला हिवाळाभर घराघरांत हेच चाललेलं असतं. फोन कुसुमचा होता, शालिनीच्या धाकट्या बहिणीचा. "विजूताई, दीदी गेली," एवढंच ती म्हणाली. मी "येते" म्हणून फोन ठेवला आणि का कोण जाणे, आधी परातीतले उरलेले मटार सोलून संपवले. रडू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदी पेपरात तिचा फोटो दिसला, चांगला मोठा, काळ्या कोटातला. खाली, परदेशांनी आपल्या मालाची अडवणूक केली तर काय करायचं यासाठी तिनं तयार केलेल्या कायद्याचं भरभरून कौतुक. ते वाचलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. ते दुखणं शोकाचं नव्हतं, माझ्या चांगल्या ओळखीचं, लहानपणापासूनचं होतं. जातानासुद्धा पुढे गेली, असं मनात आलं, आणि मग मात्र मी बसून रडले.

त्याला आता काही आठवडे झाले. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, चारचौघं चांगलं बोलले. "तुमच्याइतकं जवळचं तिला कोण होतं?" असं म्हणून या पुरवणीच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं. जवळची होते हे खरंच आहे. चुलीजवळ बसणाऱ्यालाच झळ लागते, हेही खरं आहे. शालिनीवर लिहायचं तर मला माझ्या मत्सरावर लिहावं लागेल. मी नुसतंच गोड गोड लिहिलं असतं आणि ते तिच्या हाती पडलं असतं, तर तिनं लाल पेन काढून निम्मं खोडलं असतं.

राज्यांची नव्यानं आखणी झाली, नागपूर महाराष्ट्रात गेलं, आणि जबलपूरच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीसाठी भंडाऱ्याकडून इकडे आलेले आमच्यासारखे लोक मध्य प्रदेशातच राहिले. गावाबाहेर रांझीला कारखान्याच्या क्वार्टरांत आमचं आणि शालिनीचं घर एकाच ओळीत होतं. घरात मराठी, दाराबाहेर पाय टाकला की हिंदी. माझे बाबा कारखान्यात सुतार होते, लाकडी पेट्यांच्या विभागात. तोफगोळे ज्या पेट्यांतून रवाना होतात त्या पेट्या ते बनवायचे. शालिनीचे वडील तिथेच फिटर होते. ती शाळेत असतानाच ते वारले आणि त्यांच्या जागी तिच्या आईला नोकरी लागली. आई कामावर जायला लागली, लहानग्या कुसुमला मामाकडे धाडलं, आणि शालिनी शाळा सुटली की आमच्याकडे यायला लागली. आमची आई तिला माझ्या शेजारी ताट वाढायची. संध्याकाळी बाबांची सायकल दारात लागली की ते रोज एकच विचारायचे, "आज काय शिकवलं बाई शाळेत?" मी म्हणायची, "काही नाही." शालिनी मात्र पहिल्या तासापासून सुरू व्हायची. बाबा बुटाची नाडी सोडता सोडता थांबून ऐकत बसायचे. तेव्हापासूनचं आहे हे माझं दुखणं.

एकदा बाबांनी आम्हा दोघींना भेडाघाटला नेलं. पांढऱ्या कड्यांमधून नर्मदा वाहते ते पाहायला लांबून लोक येतात. वाटेवरच्या दुकानांत कारागीर दगडाचे हत्ती, दिवे, मूर्ती कोरत बसलेले असतात. बाबांनी ना कडे पाहिले ना हत्ती. हत्ती ज्यात भरून ठेवले होते ती खोकी ते वाकून वाकून पाहत होते. "फळ्या ओल्या हायेत. खिळा सैल पडन," ते म्हणाले. मला चारचौघांत लाज वाटली. शालिनीनं विचारलं, "काकाजी, ओल्या फळीत खिळा सैल काहून पडते?" झालं! परतीच्या बसमध्ये रांझी येईपर्यंत बाबा तिला लाकडाचं सुकणं समजावत होते. मला खिडकीची जागा मिळाली होती. खिडकीतून मी काय पाहिलं ते मला अजिबात आठवत नाही, त्या दोघांचं बोलणं मात्र शब्दन् शब्द आठवतं.

अभ्यासात मी तिच्यापेक्षा कमी नव्हते. हे लिहून ठेवते, कारण सांगणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही. तिनं वकिलीची परीक्षा दिली, मी वाणिज्य घेतलं. इथल्याच कॉलेजात मला नोकरी लागली आणि निवृत्त होईपर्यंत मी परदेशी व्यापार हा विषय शिकवला. शुल्केतर अडथळे हे माझं आवडतं प्रकरण. म्हणजे काय, तर एखाद्या देशाला दुसऱ्याचा माल नको असला आणि उघडपणे जकात वाढवता येत नसली, की तो आरोग्याचे, मोजमापाचे, वेष्टनाचे असे काही नियम काढतो की माल बंदरातच अडकावा. हे मी इतक्या रंगून शिकवायची की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा दाराशी येऊन उभी राहायची. शालिनीनं काही वर्षं इथल्या हायकोर्टात वकिली केली आणि मग ती दिल्लीला गेली, व्यापाराशी संबंधित एका सरकारी कचेरीत कायद्याची सल्लागार म्हणून. लग्न तिनं केलं नाही. सुट्टीत आली की आधी आईला भेटायची आणि चहाला मात्र आमच्याकडे, थेट मागच्या शेडमध्ये, बाबांपाशी.

ती शेड बाबांनी निवृत्तीनंतर घातली होती. क्वार्टर सोडून आम्ही रांझीतच छोटं घर बांधलं होतं, त्याच्या मागे. भेडाघाटच्या दगडी वस्तू परदेशी पाठवणारे एक दुबेजी होते. त्यांच्यासाठी बाबा पेट्या बनवायला लागले. साध्यासुध्या खोक्यांचे दिवस संपले होते. लाकूड भट्टीत तापवून आणायचं, त्यावर तसा शिक्का पाहिजे, तणसाऐवजी, म्हणजे भाताच्या पेंढ्याऐवजी, कागदाची कात्रणं भरायची. बाबांनी हे सगळं हौसेनं शिकून घेतलं. तरुण झाल्यासारखे दिसायला लागले. संध्याकाळी अंगाला भुसा लागलेला असायचा आणि आई कुरकुर करायची, "अंघोळ करा पहिले, मग जेवा."

आणि एक दिवस पेट्या परत आल्या. समुद्रापलीकडच्या एका श्रीमंत देशानं सगळा माल बंदरातून फिरवला होता. दुबेजी दारात उभे राहून म्हणाले, "बाबूजी, माल वापस आ गया। कहते हैं, पैकिंग में दोष है।" काय दोष, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आकड्यांचा एक संकेत आला होता, बस. बाबांनी पुढच्या खेपेला फळ्या अधिक जाड घेतल्या, खिळे बदलले. ती खेपही परत आली. मग दुबेजींनी काम दुसरीकडे दिलं. वाईट बोलले नाहीत, फक्त यायचे बंद झाले.

बाहेरच्या माणसाला हे एवढं मोठं वाटणार नाही. पण माझ्या बाबांनी जन्मभर पेट्या बनवल्या होत्या आणि त्यांची एकही पेटी कधी कोणी परत पाठवली नव्हती. ते शेडमध्ये जाऊन नुसते बसून राहायचे. रंधा हातात घ्यायचे, खाली ठेवायचे. मला बघवेना. एक दिवस मी त्यांच्यापाशी बसले आणि माझं सगळं प्रकरण त्यांना समजावून सांगितलं. "बाबा, हे मोठ्या देशांचं राजकारण आहे. त्यांना आपला माल नको असतो, म्हणून पेटीचं निमित्त करतात. तुमचा काही दोष नाही." त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, "म्हंजे पेटी चांगली होती?" मी म्हटलं, "उत्तम होती." "मग वापस काहून आली?" मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "अच्छा," ते म्हणाले. हातोडा काही त्यांनी उचलला नाही.

दिवाळीला शालिनी आली. मी चहा घेऊन शेडकडे गेले तर बाबा तिला विचारत होते, अगदी त्याच शब्दांत, "शालू, पेटी वापस काहून आली असन?" घरात विदेशी व्यापाराची प्राध्यापिका बसलेली आणि प्रश्न वकिलाला! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते माझ्या बाबतीत माझ्याच घरात खरं होत होतं. शालिनीनं मोठं भाषण दिलं नाही. ती म्हणाली, "मला नाही माहीत, काकाजी. विचारून सांगते." मला माहीत नाही, असं म्हणणाऱ्या माणसावर बाबांचा एवढा विश्वास का, हे मला तेव्हा कळलं नाही, आणि कळलं तेव्हा आवडलं नाही.

त्याच सुमारास ती दिल्लीत एका समितीवर काम करत होती. नवा कायदा करायचा होता आणि त्याचा मसुदा लिहिणं तिच्याकडे होतं. साध्या भाषेत सांगायचं तर तो असा होता. आपला माल दुसऱ्या देशानं अडवला तर इथल्या माणसानं तक्रार कुठे करायची, ती एक जागा ठरवायची. तक्रार आली की सरकारनं चौकशी करायची, त्या देशाकडे कारण मागायचं, अडवणूक खोटी निघाली तर बोलणी करायची, आणि बोलण्यानं भागलं नाही तर त्यांच्या मालावर आपणही निर्बंध घालायचे. समितीतल्या मोठ्या लोकांचं म्हणणं, तक्रारीचा हक्क निर्यातदारांच्या संघटनांना दिला म्हणजे पुरे. शालिनीचं म्हणणं, ज्याच्या हाताचं काम त्या मालात आहे त्या प्रत्येकाला तो हक्क पाहिजे, पेटी बनवणाऱ्यालाही. आणि सगळ्यात आधी, माल कोणत्या कारणानं परत आला ते त्याला त्याच्या भाषेत कळलं पाहिजे. या कलमासाठी ती समितीशी भांडली. अडथळ्याची व्याख्या तिनं फोन करून माझ्याकडून मागून घेतली होती. मी पुस्तकं काढली, दोन रविवार खपले, सुरेख व्याख्या करून पाठवली. मसुद्यात ती होती, नव्हती असं नाही, पण बरीच छाटलेली. आणि तिच्याही आधी, अगदी सुरुवातीला, बाबांचा प्रश्न कायद्याच्या भाषेत लिहिलेला होता. ते वाचताना माझे कान तापले... आयुष्यभर मी ज्या विषयात घालवलं त्यातल्या कायद्यात माझ्या बापाला जागा होती आणि ती त्याला शालिनीनं मिळवून दिली होती.

कायदा व्हायचा तेव्हा होईल म्हणून ती थांबली नाही. कचेरीतून त्या देशातल्या बंदराकडे विचारणा लावली, उत्तर येईना तर पुन्हा लावली. उन्हाळ्यात ती आली तेव्हा भर दुपार होती. शेडमध्ये स्टुलावर बसली, पर्समधून एक फोटो काढला आणि बाबांच्या हातात दिला. त्यांच्याच पेटीचा तळ होता. कात्रणं बाजूला सारलेली आणि खाली वाळका पाला पसरलेला.

"काकाजी, पेटीत निंबाचा पाला टाकता तुम्ही?"

"हाव. टाकतोच ना. तळाशी एक मूठ."

"त्याच्यामुळं आली वापस."

आमच्या भंडाऱ्याकडे तांदळाच्या डब्यात, गोधड्यांत, कुठेही काही जपून ठेवायचं तर निंबाचा, म्हणजे कडुनिंबाचा, पाला हवाच. तो टाकताना कोणी विचार करत नाही आणि टाकल्यावर कोणाला सांगतही नाही. दुबेजींना ठाऊक नव्हतं, आणि त्याच घरात वाढून मलाही ते सुचलं नव्हतं.

"काहून पण?" बाबा म्हणाले. "पाला तर मी किड्यासाठीच टाकून राहिलो."

"तेही किड्यासाठीच अडवून राहिले, काकाजी. बाहेरचा झाडपाला आला की त्याच्यासंगं कीड येते म्हणतात. नियम आहे त्यांचा, आणि आपल्याकडेही असाच आहे. यात बहाणा नाही. चूक आपल्याकडून झाली."

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. मला तिचा असा राग आला! म्हाताऱ्या माणसाला, त्याच्या तोंडावर, तुझी चूक म्हणून सांगायचं? इतके महिने मी त्यांना जपत होते, तुमचा दोष नाही, तुमचा दोष नाही म्हणत होते. आता हे कोसळणार, म्हणून मी पुढे झाले... आणि बाबा हसायला लागले. आधी खुसखुसत, मग डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. "म्हंजे पेटी चांगली होती!" ते म्हणाले. "पेटी एक नंबर होती," शालिनी म्हणाली. "पाल्यानं घात केला." एवढ्या महिन्यांत ते पहिल्यांदा हसले होते. कप खाली ठेवून मी परत स्वयंपाकघरात गेले. पेटी उत्तम होती, हे मीही सांगितलं होतं की! पण माझ्या तोंडून ते त्यांना पटलं नव्हतं.

संध्याकाळी मी तिच्याशी भांडले. म्हटलं, तुझ्या एका पाल्यानं माझा सगळा विषय खोटा ठरत नाही. निम्मे नियम बहाणेच असतात. ती म्हणाली, "असतात ना. म्हणून तर कायदा पाहिजे. पण विजू, पहिले आपला पाला काढावा लागते, मग दुसऱ्याच्या दारात जाऊन ओरडता येते." तिला असं नेमकं बोलता यायचं. मला तसं वाक्य दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना सुचायचं.

बाबा स्वतः दुबेजींकडे गेले, फोटो दाखवला, चूक सांगितली आणि काम परत घेऊन आले. पुढची खेप अडली नाही. दुबेजी खव्याच्या जिलब्या घेऊन आले. त्यातल्या अर्ध्या बाबांनी वेगळ्या काढल्या आणि सायकलवर टांग टाकून आधी गावातल्या कांचघर मोहल्ल्यात गेले, कारण शालिनीच्या आईनं तिकडे घर घेतलं होतं. शालिनी तेव्हा दिल्लीत, जिलबी काय तिच्यापर्यंत पोचणार होती? तरी गेले. त्या दिवसापासून पाला मात्र त्यांनी कायमचा सोडला. पेटीतला तर सोडलाच, आमच्या तांदळाच्या डब्यातलासुद्धा काढायला लावला. आईनं विचारलं, "तांदूळ कुठं विलायतेला चालले का?" पण ते ऐकायला तयार नव्हते. एकदा लागलेली ठेच ते विसरत नसत. तेव्हापासून आमच्याकडे डब्यात बाजारातल्या गोळ्या असतात.

कायद्याचं पुढे काय झालं, हे पेपरवाल्यांनी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. तो झालाच नाही. मसुदा या टेबलावरून त्या टेबलावर फिरला, मग निवडणुका आल्या, माणसं बदलली, आणि पुन्हा कोणी तो काढला नाही. तरी विहाराच्या आमच्या मंडळींनी तिचा सत्कार ठरवला. कॉलेजातली बाई म्हणून प्रास्ताविक माझ्या गळ्यात पडलं. मी जन्मभर झालेले कायदे शिकवले, मला कधी कोणी हार घातला नाही, आणि इथे न झालेल्या कायद्याला शाल आणि श्रीफळ! सूत्रसंचालक तर कायदा अमलात येऊन गेल्यासारखाच बोलत होते. शालिनी उठली आणि माईकवर म्हणाली, "एक दुरुस्ती आहे. कायदा झालेला नाही. मी फक्त लिहिला होता." मला वाटलं, आता तरी उतरेल लोकांची धुंदी. तर लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत बाबा बसले होते, त्यांच्या टाळ्या सगळ्यांत शेवटी थांबल्या. मी स्टेजवरून बघत होते.

निवृत्त होऊन ती कांचघरच्या घरात राहायला आली तेव्हा बाबा खूप थकले होते. पेट्यांचं काम सुटलं होतं. तरी त्यांनी जपून ठेवलेल्या सागाच्या फळ्या बाहेर काढल्या आणि कितीतरी दिवस हळूहळू करत एक पेटी बनवली. बाजूंना दोरीच्या कड्या, कोपरे असे जुळवलेले की सांध्यात नख शिरू नये. मला वाटलं, माझ्यासाठी. मी तसं विचारलंही. तर म्हणाले, "तुह्यापाशी तर स्टीलचं कपाट हाय ना. शालूचे कागद ठेवाले काही नाही." आई आतून ओरडली, "घरची म्हणते देवा देवा, बाहेरचीला चोळी शिवा!" आम्ही सगळे हसलो. मीही हसले. पण ती पेटी रिक्षात चढवताना एक कडी मी धरली होती, आणि तिचं वजन मला अजून आठवतं. रिक्षा निघायच्या आधी बाबांनी झाकण उघडून आत मूठभर निंबाचा पाला टाकला. माझ्याकडे बघून म्हणाले, "ही कुठं विदेशात चालली नाही." त्यानंतर वर्षभरातच ते गेले. भेटायला आलेल्या लोकांतले निम्मे आधी शालिनीच्या जवळ बसले, मग माझ्या.

शालिनीला मी शेवटची भेटले ती तिच्या आजारपणात, कांचघरला. दिवाणावर पडून होती, आवाज बारीक झाला होता, नजर मात्र तशीच. मी उशी सारखी करत होते तर अचानक म्हणाली, "विजू, तू माझ्यावर जळतेस ना?"

"जळते," मी म्हटलं.

"अजून?"

"अजून."

"बरं झालं. मला वाटलं, म्हातारी झालीस की काय."

आम्ही दोघी हसलो, तिला खोकला आला, मी पाणी दिलं. मला वाटलं, आता ती म्हणेल की मीही तुझ्यावर जळत होते, तुला बाप होता, मला नव्हता. मी वाट पाहत होते. तिनं तसं म्हटलं असतं तर आमची बरोबरी झाली असती. ती डोळे मिटून म्हणाली, "चहा कर ना. कुसुम फार गोड करते." मी उठून चहा केला. तिला दोनच घोट गेले... बाकीचा मी प्यायले.

परवा कुसुमनं बोलावलं. घर आवरायला काढलं होतं. खिडकीखाली पेटी होती, तिच्या नेहमीच्या जागी. "विजूताई, ही तुम्ही घेऊन जा. तुमच्या बाबांची आहे." मी विचारलं, शालिनीनं तसं सांगितलं होतं का? कुसुम खोटं बोलत नाही. "नाही, दीदी काही बोलली नाही. मीच म्हणून राहिली." म्हणजे शेवटपर्यंत मला द्यावी असं तिच्या मनात आलं नाही! मी झाकण उचललं. आत मसुद्याच्या प्रती होत्या. त्या मी चाळल्या नाहीत, मला त्या पाठ आहेत. इतक्या वर्षांत एका कागदाला कसर लागली नव्हती, आणि आतून बाबांच्या शेडचा वास येत होता. कागदांच्या खाली पाला होता, वाळका, पण फार जुना नाही. एवढी वर्षं तो कसा टिकेल, म्हणून मी कुसुमकडे पाहिलं.

"दीदी दर चैत्रात बदलायची," ती म्हणाली. "नवी पालवी फुटली की स्वतः तोडून आणायची, दुसऱ्या कोणाला हात नाही लावू द्यायची. यंदा राहिला."

मी खाली बसले. ज्या मुलीनं माझ्या बाबांना पाला सोडायला लावला, तिच्याच घरी तो बाबांमागे इतकी वर्षं चालू होता. आणि मी त्यांची मुलगी, माझ्या तांदळात बाजारातल्या गोळ्या. कुसुम पाणी घेऊन आली. तिला वाटलं मी शालिनीसाठी रडतेय. शालिनीसाठी होतंच, पण सगळं काही तिच्यासाठी नव्हतं.

पेटी मी ऑटोत घालून घरी आणली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी निंबाचं झाड आहे, यंदा त्याला तांबूस पालवी चांगली आली आहे. काल सकाळी मी चप्पल घालून गेले, वाकलेली फांदी ओढली आणि मूठभर पाला तोडून आणला. जुना काढून टाकावा म्हणून कागद बाजूला केले, हात आत घातला... आणि तसाच बाहेर काढला. तो तिच्या हातचा आहे. तो मी तसाच राहू दिला आणि माझा त्यावर पसरला. दोघींचाही पाला आता बाबांच्या पेटीत आहे. माझा वर आहे.